नव्या संगणकांत जुनें दप्तर

बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग आपल्या कुटुंबांना नवा नाहीं. देव्हारा, लोणच्याच्या बरण्या, भांडींकुंडीं आणि कागदपत्रांची पेटी कोणत्या क्रमानें हलवावी, याचे संकेत घरांतील वडील मंडळींना तोंडपाठ असतात. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्या पेटीची जागा पुष्कळ अंशीं एका लहानशा धातूच्या डबीनें घेतली आहे. ती डबी म्हणजे संगणकांतील हार्ड डिस्क. आजोबांनीं जुळवून ठेविलेला कुलवृत्तान्त, आजीच्या आवाजांतील मंगळागौरीचीं गाणीं, नातवाच्या मुंजीचीं छायाचित्रें, सर्व कांहीं तींत असतें. जुना संगणक मोडींत निघाला कीं "डिस्क तेवढी नव्यांत बसवून द्या" असें सांगून आपण निश्चिंत होतों. ही निश्चिंती कितपत सार्थ आहे, याचा विचार येथें योजिला आहे.

पालघर व बोईसर-तारापूर या टापूंत हा विचार अगत्याचा आहे. तारापूरचें अणुविद्युत्-केंद्र १९६९ सालीं सुरू झालें. पुढें बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली. नोकरीनिमित्त येथें आलेल्या कुटुंबांचा वसाहतींतील संसार निवृत्तीबरोबर आटोपतो, व कोणी पालघरास, कोणी पुण्यास, तर कोणी मूळ गांवीं जातें. अशाच वेळीं घरांतील तरुण मंडळी नवा संगणक जुळवावयास घेतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घ्यावे, ग्रँट रोडला गाडी धरावी, आणि विरारला बदलून घरीं यावें, हा क्रम २०१३ सालीं लोकल डहाणूपर्यंत धावूं लागल्यापासून सोपा झाला आहे. नव्या भागांची निवड चोखंदळपणें होते; जुन्या डिस्कचा विचार मात्र शेवटीं, घाईघाईनें होतो.

या डिस्कचें अंतरंग थोडें जाणून घेतलें पाहिजे. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें अशा जातीची पहिली डिस्क पुढें आणली. तींत दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन सुमारें एक टन होतें, आणि मावत होतीं अवघीं पन्नास लक्ष अक्षरें. आजची डिस्क तळहातावर राहते व तींत लाखों पट मजकूर मावतो. तथापि मूळ रचना तीच आहे. तबकड्या मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात, आणि वाचणारें टोंक केसाच्या जाडीच्या हजारांशाहूनहि कमी अंतरावरून तरंगत जातें. इतक्या नाजूक यंत्रास आयुष्याची मर्यादा असणारच. शिवाय समुद्रकांठचा दमट, खारा वारा धातूच्या जोडांना गंज आणतो. दहा वर्षें राबलेल्या डिस्कला नव्या संगणकांत मुख्य जागा देणें म्हणजे थकलेल्या वडिलांच्या खांद्यावर पुन्हां कावड ठेवण्यासारखें आहे.

म्हणून पहिला नियम असा, कीं हलविण्यापूर्वीं नक्कल करावी. जुना संगणक चालू आहे तोंवरच बाहेरून जोडावयाची एक नवी डिस्क आणून, जें पुन्हां मिळणार नाहीं तें आधीं उतरून घ्यावें. डिस्कला संकेताचें कुलूप असल्यास त्याची किल्ली कागदावर लिहून ठेवावी. डिस्कमधून टक-टक असा आवाज येऊं लागल्यास ती तत्काळ बंद करून जाणत्याच्या हातीं द्यावी; पुन्हां पुन्हां चालवून पाहण्यानें उरलेलेंहि जातें.

दुसरा नियम बसविण्याचा. विंडोजसारखी कार्यप्रणाली नव्या एसएसडीवर नव्यानें घालावी, व तें काम होईपर्यंत जुनी डिस्क जोडूंच नये, म्हणजे चुकून तीच पुसली जाण्याचें भय उरत नाहीं. नंतर वीज बंद करून, संगणकाच्या धातूच्या पेटीस हात लावून अंगांतील स्थिर वीज घालवावी, आणि मग जुनी डिस्क दुय्यम म्हणून जोडावी. २००३ च्या सुमारास अरुंद साटा केबल प्रचारांत आली. त्यापूर्वींच्या रुंद पट्टीच्या डिस्कला आजच्या मदरबोर्डवर सहसा जागा नसते, तिला यूएसबीचा जोड घ्यावा लागतो. पॉवर सप्लाय बदलला असेल तर जुन्याच्या सुट्या वायरी नव्याला लावूं नयेत. टोंकें सारखीं दिसलीं तरी आंतील तारांचा क्रम निराळा असूं शकतो, आणि डिस्क क्षणांत जळते. संगणक सुरू होतांच "ही डिस्क फॉरमॅट करावयाची काय?" असा प्रश्न पडद्यावर आल्यास उत्तर "नाहीं" असेंच द्यावें. जुन्या फोल्डरांत प्रवेश नाकारला गेला, तर मजकूर गेला असें समजूं नये. पुष्कळदां तो जुन्या वापरकर्त्याच्या नांवें असतो व नव्या मालकानें ताबा घेतां येतो.

येथवर सर्व सुरळीत झालें तरी मराठी घरांना आणखी एक अडचण उरते. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत मराठी लिहीत. त्या पद्धतींत देवनागरी अक्षर पडद्यावर दिसे, परंतु आंत सांठविलेला संकेत बहुधा इंग्रजी अक्षराचा असे. तो फॉन्ट नव्या संगणकांत नसला, म्हणजे आजोबांचा कुलवृत्तान्त उघडतो खरा, पण पानभर अर्थहीन रोमन अक्षरें दिसतात. मोडी वाचणारा घरांत न उरल्यामुळें पणजोबांचीं पत्रें जशीं मुकीं झालीं, तशीच ही गत. यासाठीं जुने फॉन्टहि जपून ठेवावे, मजकूर युनिकोडमध्यें रूपांतरित करावा, जोडाक्षरें व ऱ्हस्व-दीर्घ नजरेखालून घालावे, आणि एक प्रत कागदावर छापून घ्यावी.

तात्पर्य, डिस्क नव्या घरीं आली म्हणजे दप्तर आलें असें होत नाहीं. तें उघडून वाचतां आलें, म्हणजे आलें. तीन प्रती असाव्या, त्यांपैकीं एक दुसऱ्या गांवीं भावाकडे किंवा लेकीकडे असावी. एकत्र कुटुंबाचा हा लाभ यंत्रयुगांतहि कमी नाहीं. दसऱ्यास आपण पाटीवर सरस्वती काढतों, आणि अलीकडे संगणकालाहि झेंडूचें फूल वाहतों. त्याच दिवशीं घरांतील एखाद्या मुलानें वा सुनेनें त्या प्रती जोडून, चार फाइली उघडून, मोठ्यानें वाचून दाखवाव्या. अर्ध्या तासाचें हें काम आहे. पण तें केलें, तर पुढच्या पिढीला आपल्या घराची हकीकत घरांतच मिळेल.