गोल बाजाराची गल्ली आणि मणक्यातली नळी



दिवाळीच्या सुटीत मी रायपूरला मामांकडे गेलो होतो. गोल बाजारात त्यांचे किराणा मालाचे जुने दुकान आहे. मामा साठी ओलांडलेले, पण कामाला वाघ. या वेळी मात्र एक गोष्ट खटकली. दुकानापासून रस्त्यापर्यंतच्या दोनशे पावलांत ते दोनदा थांबले. पाय जड होतात, मुंग्या येतात, असे म्हणाले. एखादी रिकामी हातगाडी दिसली की तिच्यावर ओणवे होऊन उभे राहत आणि दोन मिनिटांत पुन्हा चालू लागत. सायकलवर मात्र काहीच त्रास नाही!

डॉक्टरांनी कमरेचे दोन एक्स-रे काढले होते, एक समोरून आणि एक बाजूने. त्यांवर पेन्सिलीने रेघा ओढून आकडे लिहिलेले. मामांनी फिल्म माझ्यापुढे ठेवली. "तू गणित शिकवतोस ना? मग सांग, हाडाच्या सावलीवर पट्टी लावून माप खरे येते का?"

प्रश्न चांगला होता. मी डॉक्टर नाही, पण हे गणित आपल्या नववी-दहावीच्या वर्गातलेच आहे.

आधी शरीररचना पाहू. कमरेत पाच मोठे मणके असतात. प्रत्येक मणक्याच्या मागच्या भागात एक भोक असते. ही भोके एकाखाली एक आली की नळी तयार होते. मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या कंबर-मणक्यापाशी संपतो. त्याखाली नळीतून उतरतो तो नसांचा झुबका. तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो, म्हणून त्याला अश्वपुच्छ म्हणतात. पायांची ताकद, पायांची जाणीव आणि लघवी-शौचावरचा ताबा या नसांवर अवलंबून असतो. नळी अरुंद झाली तर यांचीच कोंडी होते.

समोरून काढलेल्या फिल्मवर प्रत्येक मणक्यात दोन लंबगोल ठिपके दिसतात, जणू घुबडाचे डोळे. मणक्याचा पुढचा गोळा आणि मागची कमान यांना जोडणारे ते दोन खांब. या दोन डोळ्यांच्या आतल्या कडांमधले अंतर म्हणजे नळीची आडवी रुंदी. वरून खाली येताना ती थोडी थोडी वाढत जाते. बाजूच्या फिल्मवर मणक्याच्या गोळ्याच्या मागच्या कडेपासून कमानीच्या आतल्या कडेपर्यंत मोजले की पुढून-मागची खोली मिळते.

आता सावलीचे गणित. हात दिव्याकडे नेला की भिंतीवरची सावली मोठी होते. एक्स-रेची नळी हा दिवा आणि फिल्म ही भिंत. दोघांमध्ये १०० सेंमी अंतर आहे आणि मणका फिल्मपासून १० सेंमी वर आहे असे धरा. मग दिव्यापासून मणक्यापर्यंतचे अंतर ९० सेंमी. समरूप त्रिकोणांवरून खरे माप म्हणजे सावलीचे माप गुणिले ९०, भागिले १००. मामांच्या चौथ्या मणक्यात सावली २७ मिमी होती, म्हणजे खरी रुंदी सुमारे २४.३ मिमी. कुशीवर झोपल्यावर मणका फिल्मपासून अधिक लांब जातो. तो २० सेंमी धरला तर १७ मिमीची सावली प्रत्यक्षात १३.६ मिमी भरते.

पण मणका नेमका किती उंचीवर होता, हे कसे कळणार? जाड माणसात अंतर वेगळे, बारक्यात वेगळे. यावर जोन्स आणि थॉमसन यांनी १९६८ मध्ये साधी युक्ती सुचवली. नळीची रुंदी गुणिले खोली काढा, मणक्याच्या गोळ्याचीही तशीच काढा आणि दोन्हींचे गुणोत्तर घ्या. दोन्ही सावल्या जवळपास सारख्याच प्रमाणात मोठ्या झालेल्या असतात, म्हणून वाढीचा भाग छेदला जातो. त्यांच्या मते १:२ ते १:४.५ हे सर्वसाधारण. त्यापुढे गेले तर नळी अरुंद. मामांचे गणित असे: नळी २७ × १७ = ४५९, गोळा ५० × ४२ = २१००. गुणोत्तर सुमारे १:४.६. म्हणजे सीमेच्या किंचित पलीकडे.

त्याआधी १९५४ मध्ये नेदरलँड्सचे शल्यचिकित्सक व्हरबिस्ट यांनी या अरुंद नळीच्या आजाराचे नीट वर्णन केले होते. पुढे त्यांनी खोलीच्या मर्यादाही घातल्या: १० मिमी किंवा कमी म्हणजे नळी पक्की अरुंद, १० ते १२ मिमी म्हणजे काठावरची. दक्षिण आफ्रिकेत आयझेनस्टाइन यांनी प्रत्यक्ष सांगाड्यांवर मोजमाप करून १९७७ मध्ये खालची मर्यादा खोलीसाठी १५ मिमी आणि रुंदीसाठी २० मिमी सांगितली. मामांची रुंदी ठीक, खोली मात्र एका मापाने कमी आणि दुसऱ्याने चालण्याजोगी.

मग आजार आहे की नाही? इथे मी मामांना दुकानाबाहेर नेले. "मामा, ही गल्ली दोन भिंतींमध्ये किती रुंद आहे ते नगररचनेच्या नकाशावर दिसेल. पण दोन्हीकडे पोती, डबे, टोपल्या मांडल्यावर हातगाडीला वाट किती उरते?" एक्स-रेत भिंती दिसतात, मांडलेला माल दिसत नाही. मणक्यांमधली फुगलेली गादी आणि जाड झालेले स्नायुबंध हा तो माल. तो पाहायला एमआरआय लागते. जन्मतःच गल्ली अरुंद असेल तर थोड्या मालानेही वाट अडते, एवढे मात्र एक्स-रे सांगतो. ओणवे झाल्यावर नळी थोडी मोकळी होते. हातगाडीवर आणि सायकलवर मामांना बरे वाटे ते यामुळे.

मामांचे पुढे एमआरआय झाले. त्यात हाच माल निघाला. आता औषधे आणि व्यायाम चालू आहेत. शस्त्रक्रियेचा निर्णय डॉक्टर घेतील, तो आकड्यावरून नव्हे तर त्यांच्या चालण्यावरून.

हे सारे तुम्हांला का सांगतो? उद्या तुमच्यापैकी कोणी हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी वैद्यकीय तपासणीला जाईल, तेव्हा कण्याचे एक्स-रे निघतील. म्हणून काही मुले पाठदुखी लपवतात. असे करू नका. तुमच्या वयात नळी अरुंद होण्यापेक्षा, मागे वाकण्याच्या कसरतींनी मणक्याच्या कमानीला बारीक तडा जाण्याची शक्यता अधिक. वेळीच विश्रांती घेतली तर तो बहुधा भरून येतो. लपवला तर वाढतो.

पालकांनीही एक लक्षात ठेवावे. 'एकदा बघून घेऊ' म्हणून मुलाच्या कमरेचा एक्स-रे काढू नये. त्यात छातीच्या एक्स-रेपेक्षा कितीतरी पट किरणे लागतात. पण पायातली ताकद कमी होणे, बैठकीच्या जागेला बधिरपणा येणे, लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही दिसले तर एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठावे.

माप घ्यायला शिका, मित्रांनो, आणि ते माप कशाचे नाही हेही ओळखायला शिका.