३६ फोटो आणि सव्वातीन मिनिटं: रंगीत रोलची गंमत अजून का संपत नाही?

कोडॅक कंपनीने २००९ साली जाहीर केलं की 'कोडाक्रोम' हा रंगीत रोल आता बंद. त्याचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल मिळाला स्टीव्ह मॅक्करी या अमेरिकन फोटोग्राफरला. हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा जगप्रसिद्ध फोटो काढणारा तो हाच. हातात फोटो फक्त ३६. त्यातले काही खर्च करायला तो थेट भारतात आला आणि मुंबईत त्याने अमिताभ बच्चनचा फोटो काढला.

रोल संपल्यावर तो धुवायला मॅक्करीला अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यातल्या पार्सन्स नावाच्या छोट्या गावात जावं लागलं. कारण कोडाक्रोम धुणारी जगात तेवढी एकच लॅब उरली होती. २०१० च्या डिसेंबरअखेर तिनेही नवे रोल घेणं थांबवलं. आज कुणाच्या माळ्यावर न धुतलेला कोडाक्रोम सापडला, तर तो रंगीत धुऊन देणारी लॅब नाही.

मग बाकीचे रंगीत रोल कसे काय टिकले? आणि हातात चांगला फोन असताना लोक आजोबांचा कॅमेरा काढून त्यात पैसे का घालतात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर रसायनात आहे. १९३५ साली आलेल्या कोडाक्रोमच्या फिल्ममध्ये रंग तयार करणारं द्रव्य नसायचं. ते धुताना बाहेरून, एकेका थराला वेगळं द्यावं लागायचं. त्यामुळे मोठं यंत्र आणि जाणकार माणसं हवीतच. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या आगफा कंपनीने ते द्रव्य फिल्मच्या थरांतच घालून दाखवलं. आजचे सगळे नेहमीचे रंगीत रोल याच तत्त्वावर चालतात. कोडॅकने १९७२ साली आणलेली 'सी-४१' नावाची धुण्याची पद्धत त्यांना लागू पडते. रोल कुठल्याही कंपनीचा असो, १०० चा असो की ४०० चा, कृती तीच. म्हणजे ज्याची धास्ती वाटते ते काम प्रत्यक्षात ब्लॅक अँड व्हाइटपेक्षा सरळ आहे, कारण तिथे प्रत्येक फिल्मचा वेळ वेगळा असतो.

आधी कॅमेऱ्याबद्दल थोडं. पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम२ यांचं शटर पूर्ण यांत्रिक आहे, बॅटरी नसली तरी चालतं. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजायला. तेही जमत नसेल तर एक जुना नियम आहे: लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६ ठेवा आणि शटर स्पीड रोलच्या आकड्याजवळचा. २०० चा रोल असेल तर १/२५०. आपल्याकडच्या अनेक घरांत बडोद्यात बनलेला आगफा क्लिक थ्री पडलेला असतो. त्यातही आजचा १२० साइजचा रंगीत रोल बसतो. फक्त मागच्या लाल खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा आणि रोल पुढे सरकवतानाच ती उचला. नाहीतर तिथून उजेड शिरतो.

उजेडाच्या बाबतीत शंका आली तर थोडा जास्तच द्या. डिजिटलमध्ये उजेड जास्त झाला की पांढरं झालेलं पांढरंच राहतं. रंगीत निगेटिव्हचं नेमकं उलटं आहे. जास्त उजेड ती बऱ्यापैकी पचवते, कमी उजेड मात्र सहन करत नाही. रोलवरच्या दुपारच्या फोटोत आकाश मऊ दिसतं, ते बरंचसं यामुळे.

आणखी एक सल्ला अनुभवाचा. लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची चावी फिरतेय का, हे पहिल्या दोन फोटोंतच बघा. माझा पहिला रोल गणपतीत संपला. निदान मला तसं वाटलं होतं. फिल्म स्पूलवर अडकलीच नव्हती, छत्तीसच्या छत्तीस फोटो हवेत गेले. आरतीच्या वेळचा आजीचा चेहरा मला अजून आठवतो, कारण तो बघायला दुसरं काही नाही.

आता खरी मजा, रोल धुण्याची.

रात्री बाथरूमचा दिवा बंद करायचा, दाराखालच्या फटीला टॉवेल लावायचा आणि पूर्ण अंधारात फिल्म रिळावर चढवायची. रिळ कोरडंच हवं, ओल्या प्लॅस्टिकवर फिल्म अडकते. टाकी एकदा बंद झाली की दिवा लावा, पुढचं सगळं उजेडात.

डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसला हवा, म्हणजे जेमतेम अंगात ताप असल्याइतका. बाटल्या कोमट पाण्याच्या बादलीत ठेवून ते सहज साधतं. (विदर्भातल्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी गरम करायचं की गार, हाच प्रश्न पडेल.) डेव्हलपरचा वेळ सव्वातीन मिनिटं. इथे घाई किंवा ढिलाई चालत नाही. पाणी गार पडलं तर फिल्मचे थर सारख्या वेगाने तयार होत नाहीत, मग सावलीत एक रंगछटा आणि उजेडात दुसरीच दिसते.

या सव्वातीन मिनिटांत आत काय चालतं? फिल्मवर मुख्य थर तीन. वरचा निळा उजेड टिपतो, मधला हिरवा, खालचा लाल. प्रत्येकात चांदीच्या क्षाराचे कण. उजेड लागलेल्या कणांची डेव्हलपर चांदी करतो. ते करताना तो स्वतः बदलतो, आणि बदललेला डेव्हलपर शेजारच्या द्रव्याला भिडून रंग तयार करतो: पिवळा, मॅजेंटा, सायन. त्यानंतर येतं ब्लिक्स, घरगुती किटमध्ये साडेसहा ते आठ मिनिटं. ते सगळी चांदी काढून नेतं. म्हणजे ज्या चांदीमुळे फोटो उमटला, तिचा कणही रंगीत निगेटिव्हमध्ये राहत नाही. उरतो तो फक्त रंग.

ब्लिक्सने टाकीत वायू होतो, म्हणून मधेमधे झाकण जरा सैल करा, नाहीतर कपड्यांवर शिंतोडे. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका. आणि वापरलेलं ब्लिक्स बेसिनमध्ये ओतू नका, त्यात तुमच्या फोटोंची चांदी विरघळलेली असते. मग पाण्याने धुणं, शेवटी स्टॅबिलायझर, आणि टाकी उघडायची.

हा क्षण फोनमध्ये नाही. ओली फिल्म रिळावरून सुटते, तुम्ही ती बल्बसमोर धरता आणि तीन महिन्यांपूर्वीचा समुद्र नारंगी पट्टीवर उलट्या रंगांत दिसतो. अर्धे फोटो आपण काढले होते हेच विसरलेलो असतो. एखाद्यात बोट आलेलं असतं. एखादा इतका चांगला असतो की तो आपण काढला यावर विश्वास बसत नाही. फिल्टर लावून जुना रंग मिळतो, पण महिनाभर न दिसलेला फोटो मिळत नाही.

आता ती नारंगी पट्टी. अनेकांना वाटतं निगेटिव्ह जुनी झाली म्हणून तांबूस पडली. तसं नाही, ती पहिल्या दिवसापासून नारंगीच असते. मॅजेंटा आणि सायन हे रंग अगदी शुद्ध बनत नाहीत, नको तो उजेडही थोडा अडवतात. ती चूक भरून काढण्यासाठी रंग देणारी द्रव्यंच मुळात हलकी रंगीत ठेवलेली असतात. जिथे ती वापरली जात नाहीत, तिथे तो रंग शिल्लक राहतो. सगळ्याची बेरीज म्हणजे तो नारंगी. प्रिंट किंवा स्कॅन करताना तो वजा करतात.

लॅबमध्ये रोल देत असाल तर निगेटिव्ह परत मागा. हल्ली स्कॅन पाठवले की काम झालं असं समजतात.

जुन्या निगेटिव्ह घरातही असतील. आईबाबांच्या लग्नाच्या अल्बममागे, स्टुडिओच्या पिवळट पाकिटात बघा. १९७० च्या दशकातल्या बऱ्याच रंगीत प्रिंट तांबूस झाल्या, कारण कागदावरचा सायन आधी उडाला. निगेटिव्ह मात्र अनेकदा बऱ्या स्थितीत सापडते. एका फोनची स्क्रीन पूर्ण पांढरी करा, पट्टी कडेला धरून तिच्यासमोर बोटभर अंतरावर आणा. दुसऱ्या फोनने फोटो काढा आणि त्याचे रंग उलटे करा. चित्र निळसर दिसेल. तो निळा म्हणजे उलटा झालेला नारंगी. तेवढा कमी केला की मांडवातली माणसं ओळखू येतील.