चायनाटाउनमधले सूप भरलेले डंपलिंग

सिंगापूरला गेलात की मॉलमधली चकचकीत रेस्टॉरंट राहू द्या, आधी स्मिथ स्ट्रीटवरचं चायनाटाउन कॉम्प्लेक्स गाठा. दुसऱ्या मजल्यावर खाण्याचे दोनशेहून जास्त स्टॉल आहेत! सिंगापूरचं हे सर्वांत मोठं हॉकर सेंटर. इथल्या 'झोंग ग्वो ला म्येन शाओ लाँग बाओ' या साध्याशा स्टॉलचं नाव मिशेलिनच्या 'बिब गुरमाँ' यादीत आलेलं आहे. कमी पैशांत उत्तम खाऊ घालणाऱ्यांचीच ती यादी.

शाओ लाँग बाओ दिसतो आपल्या उकडीच्या मोदकासारखा, कळ्यांसकट. आत मात्र गरमागरम सूप! ते आत जातं कसं? डुकराची कातडी उकळून केलेला रस्सा थंड झाला की जेलीसारखा थिजतो. ती जेली खिम्यात मिसळून मैद्याच्या पातळ पारीत भरतात आणि वाफेवर ती वितळते. म्हणून अख्खा तोंडात टाकू नका, जीभ पोळेल. चमच्यात घ्या, कडेला जरासा चावा घ्या, सूप ओढा, मग आल्याचे बारीक काप घातलेल्या काळ्या व्हिनेगरबरोबर उरलेला खा. माझ्या मते त्या व्हिनेगरशिवाय मजाच नाही.

सोबत ला म्येन, म्हणजे कणीक हाताने ताणून-ताणून केलेल्या नूडल्स, मागवाच. पोर्क चालत नसेल तर ऑर्डर देण्याआधी नक्की विचारा.

टेबलावर टिशूचं पाकीट दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे. आणि जेवण झाल्यावर ट्रे स्वतः उचलून ठेवा. सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये ते सक्तीचं आहे.