कण्याची दुखणी व त्यांवरील उपाय

शिरूर व दौंड तालुक्यांत घोड व भीमेच्या पाण्यावर ऊस आणि कांदा यांची लागवड वाढली, तसे वाकून करावयाचे व ओझे वाहण्याचे कामही वाढले. या श्रमाचा भार अखेर कण्यावर येतो. कंबर दुखू लागली म्हणजे आपण एक तर घाबरून अंथरूण धरतो, किंवा 'हंगाम उरकू द्या, मग पाहू' म्हणून दिवस ढकलतो. दोन्ही रीती नुकसानीच्या आहेत. कोणते दुखणे घरी बरे होते व कोणते होत नाही, हे ओळखता आले पाहिजे.

मनुष्याच्या कण्यात मूळचे 33 मणके असतात. मानेत 7, पाठीत 12 व कमरेत 5; खालचे 9 वयपरत्वे जुळून येतात. सुट्या मणक्यांच्या दरम्यान कूर्चेच्या गाद्या असून त्यांचे कडे चिवट व गाभा मऊ असतो. मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो व त्यापासून हातापायांच्या शिरा निघतात.

सर्वांत सामान्य दुखणे म्हणजे उसण भरणे. यात स्नायू ताणले जातात. शेक द्यावा, एक-दोन दिवस जड काम टाळावे आणि लवकरच हिंडू-फिरू लागावे. बहुधा काही आठवड्यांत आराम पडतो. फार दिवस निजून राहिल्यास पाठ अधिकच दुर्बल होते. पायाळू माणसाची लाथ घेणे अथवा डाग देणे हे प्रकार सोडून द्यावेत. मणका आधीच पोखरलेला असल्यास लाथेने अनर्थ ओढवेल. दुखणे मारणाऱ्या गोळ्याही वैद्यकीय सल्ल्यावाचून महिनोन्‌महिने घेऊ नयेत. त्यांनी जठर व मूत्रपिंडे बिघडतात.

दुसरे दुखणे गादी सरकण्याचे. गाभा बाहेर येऊन शीर दाबली की कळ कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत उतरते. आयुर्वेदात यास गृध्रसी म्हणतात. सरकलेली गादी हे त्याचे एक कारण असल्याचे 1934 साली अमेरिकेतील मिक्स्टर व बार या शल्यवैद्यांनी दाखवून दिले. तरीही शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते. औषध व व्यायाम यांनी बहुतेकांस 6 ते 12 आठवड्यांत उतार पडतो. त्यानंतरही कळ असह्य राहिली किंवा पायातील बळ कमी होऊ लागले, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा.

तिसरे दुखणे मणक्याच्या क्षयाचे. खोकला नसतानाही हा क्षय होतो. रात्री वाढणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे व पाठीस कुबड येऊ लागणे ही त्याची चिन्हे होत. त्याने पाय लुळे पडतात, असे इंग्लंडच्या पर्सिव्हल पॉटने 1779 साली वर्णिले. तेव्हा त्यावर औषध नव्हते. आज आहे, व सरकारी आरोग्यकेंद्रातून ते विनामूल्य मिळते. मात्र ते वर्षभर वा अधिक काळ, सांगतील तितके दिवस, न चुकता घ्यावे. बरे वाटले म्हणून मध्येच सोडणाऱ्याचा रोग उलटतो.

लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेभोवती बधिरपणा येणे, पायांतील शक्ती जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी तालुक्याचे रुग्णालय गाठावे व तेथून सांगतील तर पुण्यास जावे. महसूल खात्याच्या नोकरीत मुदत टळलेली अपिले प्रस्तुत लेखकाने पुष्कळ पाहिली. तेथे सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होई. दबलेला मज्जारज्जू तो माफ करीत नाही. झाडावरून वा गाडीवरून पडलेल्यास हातपाय धरून उचलू नये. हलू न देता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

युरियाची गोणी आज 45 किलोंची असते. ती उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे, गोणी अंगाशी धरावी व उचलताना पिळवटू नये. शक्यतो दोघांनी उचलावी. खुरपणी-लागणीत घटका-दोन घटकांनी उभे राहून पाठ सरळ करावी. घरातील मुलांस व मजुरांसही ही रीत शिकवावी. कारण पाठ गेलेल्या घरात जमीन असूनही ती कसावयास कोणी उरत नाही.