शोधकाच्या हातातले यंत्र

एखादे उपकरण जितकी अधिक कामे करील तितके ते श्रेष्ठ, असा समज आपल्या मनात सहज रुजलेला असतो. दुकानातील विक्रेता तो जोपासतो आणि जाहिरात त्याला खतपाणी घालते. परंतु उपकरणाची योग्यता त्याच्या गुणांच्या यादीवरून ठरत नसून ज्या कामासाठी ते हाती घ्यावयाचे त्या कामावरून ठरते, ही गोष्ट काही क्षेत्रांत फार स्पष्टपणे दिसून येते. जिओकॅशिंग या नावाने ओळखला जाणारा शोधाचा खेळ हे असेच एक क्षेत्र होय.

या खेळाचा जन्म अमेरिकेत झाला आणि त्याची तिथीही ठाऊक आहे. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचे संदेश सामान्य नागरिकांना पूर्वीपासून मिळत असत. परंतु सुरक्षिततेच्या कारणास्तव त्यांत हेतुपुरस्सर चूक मिसळलेली असे, आणि त्यामुळे दाखविलेले ठिकाण सुमारे 100 मीटरपर्यंत चुकू शके. 1 मे 2000 रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ही मिसळ बंद करण्याची घोषणा केली आणि त्या मध्यरात्रीपासून जगभरची यंत्रे एकाएकी कितीतरी पटींनी अचूक झाली. लगेच 3 मे रोजी ऑरेगॉन राज्यात पोर्टलंड शहराजवळच्या रानात डेव्ह उल्मर या गृहस्थाने एक बादली अर्धवट पुरून ठेवली. तीत पुस्तके, एक गलोल, घेवड्याचा एक डबा असल्या वस्तू होत्या. त्या जागेचे अक्षांश व रेखांश त्याने जाहीर केले. नियम एवढाच, की सापडल्यास एखादी वस्तू घ्यावी, आपली एखादी ठेवावी आणि आतील वहीत नोंद करावी. काही दिवसांतच ती बादली शोधकांना सापडली. आज जगात अशा ठेवींची संख्या लक्षावधींनी मोजली जाते, आणि आपल्या देशातही, मोजक्या का होईनात, त्या आहेत.

आता या खेळात यंत्राकडून अपेक्षा काय, हे पाहू. शोधकाजवळ दोन आकडे असतात. ते यंत्रात घालावयाचे, यंत्राने दिशा आणि अंतर दाखवावयाचे, आणि त्या जागेच्या आसपास आणून सोडावयाचे. परत फिरताना जेथून निघालो ती जागा त्याने पुन्हा दाखवावयाची. याहून अधिक काही नाही.

हे काम यंत्र कसे करते? सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपल्या आण्विक घड्याळातील वेळ सतत प्रक्षेपित करीत असतात. तो संदेश आपल्यापर्यंत येण्यास किती वेळ लागला यावरून उपग्रहाचे अंतर कळते, आणि निदान चार उपग्रहांची अंतरे मिळाली म्हणजे आपले स्थान निश्चित होते. संदेशाचा वेग प्रकाशाइतका असल्याने सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूक म्हणजे जमिनीवर 300 मीटरांची चूक. वातावरणाच्या वरच्या थरांत संदेश किंचित रेंगाळतो, ओल्या पानांच्या छताखाली क्षीण होतो, कड्यावर आपटून वळसा घेऊन येतो. म्हणून मोकळ्या आकाशाखाली तीन ते पाच मीटर आणि गर्द झाडीत त्याहून बरीच अधिक, एवढी चूक सर्वसाधारण यंत्रात राहतेच. ही मर्यादा आकाशातील व रानातील आहे. यंत्राला कॅमेरा जोडल्याने, त्यात गाणी भरल्याने किंवा त्याचा पडदा रंगीत केल्याने ती तसूभरही हटत नाही.

शिवाय ठेव लपविणाऱ्याच्या यंत्रातही अशीच चूक झालेली असते. या खेळातील स्थाने बहुधा अंश आणि मिनिटाच्या सहस्रांशापर्यंत लिहितात. अक्षांशाच्या मिनिटाचा सहस्रांश म्हणजे दोन मीटरांहूनही कमी. परंतु आकडा बारीक लिहिला म्हणून तो तितका अचूक झाला असे नव्हे. लपविणाऱ्याची चूक आणि शोधणाऱ्याची चूक एकत्र आल्या म्हणजे शेवटचे दहा पंधरा मीटर यंत्राच्या अधिकाराबाहेर जातात. तेथे डोळे, तर्क आणि चिकाटी यांचेच राज्य असते.

याचा एक जुना दाखला बोलका आहे. गार्मिन कंपनीने 2000 साली ई-ट्रेक्स नावाचे पिवळ्या रंगाचे छोटे यंत्र काढले. वजन सुमारे 150 ग्रॅम, कडेला पाच बटणे, करडा पडदा, नकाशा नाही. दोन पेन्सिल सेलवर ते 22 तास चाले, असे कंपनी सांगे. पाठोपाठ त्याच मालिकेत व्हिस्टा हे भारी यंत्र आले. त्यात नकाशा होता, विद्युत्-होकायंत्र होते, वायुदाबावरून उंची सांगण्याची सोय होती. पण त्याच दोन सेलवर त्याची मुदत 12 तासांवर आली. उपग्रहांचे संदेश ग्रहण करणाऱ्या वाहिन्या मात्र दोहोंत बाराच. म्हणजे जादा पैसे देऊन ठिकाण अधिक अचूक मिळत नव्हते आणि दिवसातले दहा तास मात्र हातचे जात होते. नाकापेक्षा मोती जड, तो हा असा.

होकायंत्राचा मुद्दा थोडा विचारात घेण्याजोगा आहे. साध्या यंत्राला आपण कोणत्या बाजूस तोंड करून उभे आहोत हे कळत नाही. आपण चालू लागलो म्हणजे हालचालीवरून ते दिशा ओळखते. उभे राहिल्यावर त्याचा बाण भरकटतो आणि नवखा माणूस गोंधळून जातो. भारी यंत्रातील विद्युत्-होकायंत्र ही उणीव भरून काढते, हे खरे. तथापि सेल बदलल्यावर ते पुन्हा जुळवून घ्यावे लागते, आणि तसे न केल्यास ते मोठ्या आत्मविश्वासाने चुकीची दिशा दाखविते. त्यापेक्षा वीस पावले सरळ चालून बाण स्थिर होऊ द्यावा, किंवा खिशात चुंबकसूचीचे साधे होकायंत्र ठेवावे. त्याला सेल लागत नाहीत.

आज बहुतेक शोधकांच्या हाती मोबाइल फोन असतो, आणि अनेक गुणांचे यंत्र याहून दुसरे कोणते? शहरातील बागेत तो पुरेसा आहे. परंतु पावसात भिजलेल्या बोटांना त्याचा काचेचा पडदा दाद देत नाही, भर उन्हात तो नीट वाचता येत नाही, दगडावर पडल्यास फुटतो, आणि बहुधा त्यातील वीज संपल्यावर रानात ती बदलता येत नाही. पेन्सिल सेल कोणत्याही खेड्यातल्या दुकानात मिळतात. सायंकाळ झाली आहे, पायवाट झाडीत हरवली आहे आणि गाडी कोठे उभी केली ते सांगणारे यंत्र मालवले आहे, अशा वेळी खेळ हा खेळ राहत नाही. शोधकाच्या दृष्टीने यंत्राचा पहिला गुण म्हणजे दिवस मावळेपर्यंत चालू राहणे. बाकीचे गुण त्यानंतरचे. पुढे खुद्द गार्मिननेही 2023 साली ई-ट्रेक्स एसई हे करड्या पडद्याचे यंत्र काढले आणि दोन पेन्सिल सेलवर ते 168 तासांपर्यंत चालते, याच गोष्टीचा पुकारा केला.

साधेपणाचा आग्रह धरताना दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. बटणांनी एकेक आकडा भरताना चूक होते, आणि मिनिटाच्या दशांशाची चूक शोधकाला 185 मीटर दूर नेते. म्हणून ठेवींची यादी संगणकावरून परस्पर घेण्याची सोय उपयुक्तच आहे. 2011 साली आलेल्या ई-ट्रेक्स 10 या स्वस्त यंत्रातही ती होती. बाण सरळ रेषेत जातो, मधली दरी त्याला दिसत नाही. अनोळखी डोंगरात नकाशा हवाच, मग तो यंत्रात असो वा कागदावर. आणि क्षीण संदेश पकडणारा चांगला ग्राहक, किंवा दोन निरनिराळ्या कंपनांवरील संदेश घेऊन वातावरणाची चूक काढून टाकणारा नवा ग्राहक, यांवर केलेला खर्च वाया जात नाही, कारण तो यंत्राच्या मूळ कामावरच केलेला खर्च असतो. विवेक करावयाचा तो येथे. मूळ काम सुधारणारा गुण निराळा आणि त्याच्या पाठीवर लादलेला गुण निराळा.

आपल्या देशात तर लादलेला गुण अडचणीतही आणू शकतो. काही भारी यंत्रांत उपग्रहामार्फत निरोप धाडण्याची सोय असते. असे यंत्र भारतात सरकारी परवान्यावाचून बाळगणे कायद्याविरुद्ध आहे, आणि ते जवळ सापडल्यावरून परदेशी प्रवाशांवर कारवाईही झालेली आहे. केवळ संदेश ग्रहण करणाऱ्या साध्या यंत्राला ही बाधा येत नाही.

अखेरची गोष्ट लक्ष देण्याची. पडद्यावर जितके अधिक दिसते तितके आजूबाजूचे कमी दिसते. पडद्यात डोळे घालून झाडाभोवती घिरट्या घालणारा शोधक ज्या खोडाला टेकून उभा असतो त्याच खोडाच्या ढोलीत पुष्कळदा ठेव असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा हा प्रकार. साध्या यंत्राजवळ दाखविण्यासारखे फारसे नसते. म्हणून ते जागेजवळ आणून सोडते आणि गप्प बसते. मग ते खिशात टाकून माणूस पाहू लागतो. हा दगड येथे आपोआप आला असेल काय, ही पाने वाऱ्याने साचली की कोणी रचली, लपविणारा मी असतो तर कोठे लपविले असते, असे प्रश्न त्याच्या मनात उठू लागतात. शोधाचा आनंद या प्रश्नांत आहे. म्हणून यंत्र विकत घेताना ते आणखी काय काय करते असे विचारण्याऐवजी, ते आपले एक काम किती वेळ आणि किती विश्वासाने करते, एवढेच विचारावे.