अँटिक मॉलमध्ये गाळा घेताय?

अमेरिकेतल्या अँटिक मॉलची गंमत म्हणजे दुकान आपलं, पण गल्ल्यावर बसायची कटकट नाही. एका छपराखाली अनेकांचे छोटे गाळे. महिन्याचं भाडं, शिवाय बहुतेक ठिकाणी विक्रीवर थोडं कमिशन. पैसे घेतात ते मॉलच्या काउंटरवर. तुम्ही समोर नसता, त्यामुळे चिठ्ठीवर सगळं हवं: विक्रेता क्रमांक, वस्तूचं नाव, किंमत. ती दोऱ्याने बांधा, चिकटपट्टीने जुनं पॉलिश निघतं.

सुरुवातीला फर्निचरच्या नादी लागू नका, फार जागा अडवतं. कपबशा बऱ्या! फक्त खरेदी करताना बशी उलटी करून बघायचीच. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. म्हणून जपानी चिनीमातीवर ‘निप्पॉन’ असेल तर माल साधारण १८९१ ते १९२१ मधला. ‘जपान’ असेल तर बहुधा नंतरचा. (खोटे शिक्केही फिरतात, ते वेगळंच प्रकरण.)

आणि हो, गावाकडच्या वाड्यातली जुनी मूर्ती इथे आणून विकायचा विचार असेल तर सोडा. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीच्या पुरावस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाहीत.