आधी छप्पर, मग रंग

घर भाड्यानं द्यायचं ठरलं की घरातल्या प्रत्येकाला त्यात काहीतरी करावंसं वाटू लागतं. मुलाला फरशी बदलायची असते, सुनेला ओटा नवा हवा असतो, शेजारी सांगतात, 'आधी झकास रंग काढा, माणूस रंगाला भुलतो.' खर्चाची यादी वाढत जाते आणि हाताशी असलेला पैसा तेवढाच राहतो. मग काय करायचं आणि काय सोडून द्यायचं? कविता लिहिणाऱ्याला हा प्रश्न ओळखीचा आहे. काय लिहावं यापेक्षा काय गाळावं हेच तिथं जास्त अवघड असतं.

अम्मी गेल्यानंतर रत्नागिरीच्या आमच्या जुन्या घराला कुलूप होतं. जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, मागे विहीर. बंद घर लवकर पडतं असं आपल्याकडे म्हणतात, आणि त्यात काही गूढ नाही. एखादं कौल सरकलं तर ते पाहायला कुणी नसतं, ओल वाळवायला खिडकी उघडली जात नाही, वाळवी दिसेपर्यंत चौकट पोकळ झालेली असते. म्हणून थोरल्या बहिणीनं, आमच्या आपानं, आणि मी ठरवलं, घर भाड्यानं देऊ. बदलीवर आलेले शिक्षक, परिचारिका, बँकेतली माणसं यांना गावात घर लागतंच. खर्चायला दीड लाख रुपये होते. मोहल्ल्यातली भाडी पाहता महिना नऊ हजार मिळतील असा अंदाज होता.

आम्ही प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारले. पहिला, हे केलं नाही तर राहणाऱ्याच्या जिवाला किंवा तब्येतीला धोका आहे का? दुसरा, हे आज टाळलं तर उद्या खर्च वाढणार आहे का? आणि तिसरा, हे केल्यानं भाडं वाढेल का, वाढलं तर किती महिन्यांत पैसे वसूल होतील? ज्या कामाला तिन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आलं, त्याच्यावर काट मारली. ही रीत चाळीतल्या खोलीला चालेल, तशी शहरातल्या फ्लॅटलाही चालेल.

पहिल्या प्रश्नात सगळ्यांत वर येते वीज. जुन्या घरांतलं वायरिंग दोन दिवे आणि एक पंखा एवढ्याच हिशेबानं केलेलं असतं. आजचा भाडेकरू फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर घेऊन येतो. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. मोठ्या प्लगला अडीचची आणि गीझरला चारची लागते. बोर्डावर एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. एमसीबी तारेला वाचवते, माणसाला नाही. ओल्या हातानं बिघडलेल्या उपकरणाला स्पर्श झाला, तर वीज तोडण्याचं काम आरसीसीबी करते. घरासाठी ती 30 मिलिअँपिअरची घ्यावी. आणि अर्थिंग खरोखरच जमिनीपर्यंत पोचलं आहे की नुसती हिरवी तार लोंबते आहे, हे वायरमनकडून तपासून घ्यावं.

यानंतर न्हाणीघर. गॅस स्वस्त पडतो म्हणून अनेक घरांत गॅसचा गीझर न्हाणीघरातच बसवलेला असतो. दार-खिडकी लावून आत आंघोळ चालू असली की हवा अपुरी पडते, गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते, आणि माणसं अशी दगावलेली आहेत. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत हवा. तशी जागा नसेल तर तो काढून टाकावा आणि विजेचा बसवावा. स्वयंपाकघरात जमिनीलगत एक जाळीची खिडकीही ठेवावी, कारण सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खालीच साचतो.

पाण्याच्या टाकीला घट्ट बसणारं झाकण, संडासाच्या टाकीच्या नळीला जाळी, ही शे-दोनशे रुपयांची कामं आहेत. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. एवढ्या स्वस्तात आजार टळत असेल तर हे काम यादीत खाली ठेवायचं कारण नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोकणात आभाळातून येतं. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणून मृगाच्या आधी शाकारणी व्हायलाच हवी. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेले वासे आणि रिपा बदलायच्या, पन्हळी साफ करायच्या. एका वाशाचं काम पुढे ढकललं की पुढच्या वर्षी चार वासे बदलावे लागतात. स्लॅबच्या घरात गच्चीवर बांध घालून चोवीस तास पाणी साठवून पाहावं, म्हणजे गळती कुठं आहे ते कळतं. फ्लॅट असेल तर आधी पाणी कुठून येतं ते शोधावं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची आणि बाहेरच्या सामाईक नळांची गळती संस्थेनं दुरुस्त करायची असते, आणि संडास-न्हाणीतली गळती संबंधित सदनिकाधारकानं. हे ठरण्याआधीच स्वतःच्या छताला रंग लावणाऱ्याचे पैसे पाण्यात जातात.

कामाच्या क्रमाबद्दल गवंड्याचं म्हणणं ऐकावं. आधी छप्पर, मग नळकाम, मग वायरिंग, मग गिलावा आणि शेवटी रंग. ओल्या भिंतीवर कितीही भारी रंग दिला तरी त्याला फोड येतात आणि लोणा पुन्हा वर येतो. भिंत वाळली नसेल तर तेवढी भिंत रंगाशिवाय सोडलेली बरी. भाडेकरूला तसं सांगावं आणि ती दिवाळीच्या सुमारास रंगवावी.

आता तिसरा प्रश्न. इथं गणित करावं लागतं, आणि ते चौथीतल्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे. नव्या पद्धतीच्या स्वयंपाकघराचा अंदाज आम्हाला एक लाख ऐंशी हजारांचा आला होता. त्यानं भाडं फार तर दीड हजारानं वाढलं असतं. एक लाख ऐंशी हजार भागिले दीड हजार, म्हणजे 120 महिने. दहा वर्षं! तोवर त्या कपाटांची दारं निखळलेली असतील. उलट वॉशिंग मशीनसाठी एक नळ, एक मोठा प्लग, कपडे वाळत घालायला आडोशाची दांडी, खिडक्यांना डासांची जाळी, दारांना नीट बसणाऱ्या कड्या, यांचा खर्च थोडा, पण घर बघायला आलेली बाई नेमकं हेच बघते. याच हिशेबात रिकाम्या महिन्याचं मोल धरावं. घर एक महिना पडून राहिलं की आमचे नऊ हजार गेले. म्हणजे सहा महिन्यांच्या वाढीव दीड हजाराइतके.

आमचा हिशेब असा झाला. शाकारणी आणि वासे 45 हजार, वायरिंग 38 हजार, नळ आणि संडास-न्हाणी 30 हजार, जाळ्या, कड्या आणि रंग मिळून 22 हजार. एकूण एक लाख पस्तीस हजार. उरलेले पंधरा हजार मुद्दाम राखून ठेवले, कारण घर वापरात आलं की पहिल्या वर्षी काही ना काही निघतंच. फरशी जुनीच राहिली. तिला तडे नव्हते, फक्त ती आजच्या फॅशनची नव्हती.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगतो. 31 मार्च 2000 पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार, वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. लेखी नोटीस देऊनही त्यानं दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत रक्कम वळती करू शकतो. आजकाल बहुतेक घरं 'लिव्ह अँड लायसन्स'वर दिली जातात. तिथं करारात काय लिहिलं आहे त्याला महत्त्व येतं, आणि तो करार नोंदवणं बंधनकारक आहे. केंद्र सरकारनं 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. त्यातली वाटणी समजून घेण्यासारखी आहे. इमारतीची मूळ दुरुस्ती, रंगसफेदी, नळवाहिन्या आणि वायरिंग मालकाकडे. नळाचे वॉशर, मोरीची सफाई, बटणं आणि प्लग, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. करार करताना अशी यादी जोडली तर पुढची बरीच भांडणं टळतात. घर ताब्यात देताना प्रत्येक खोलीचे फोटो काढून दोघांनी जवळ ठेवावेत.

करासाठी एवढं ध्यानात असू द्या. भाड्याच्या उत्पन्नातून नगरपालिकेचा भरलेला कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्ती दहा हजारांची केली काय किंवा लाखाची, ती बदलत नाही. म्हणजे 'खर्च करा, कर वाचेल' हा सल्ला इथं कामाचा नाही. तरीही बिलं जपून ठेवावीत. पुढं कधी घर विकलं तर सुधारणेच्या मोठ्या खर्चाचा पुरावा लागतो.

हे सगळं मी घरमालक म्हणून सांगत असलो तरी त्याआधी पंधरा वर्षं मी भाडेकरू होतो. नाव ऐकून दार लावून घेतलेलं पाहिलं आहे, आणि नाव न विचारता किल्ली देणारेही भेटले आहेत. एका घरात चार पावसाळे आम्ही पलंग एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकवत काढले. भिंती मात्र दर वर्षी गुलाबी रंगवल्या जात. त्यामुळे एक गोष्ट मनात पक्की बसली. भाडेकरू रंग बदलू शकतो, पडदे लावू शकतो, कोनाड्यात फुलं ठेवू शकतो. छपरावर चढणं, भिंतीतली तार बदलणं, जमिनीतला नळ उकरणं त्याच्या हातात नसतं. जे त्याच्या हातात नाही ते आपण करावं. जे त्याच्या आवडीचं आहे ते त्याच्यावर सोडावं.

आणि एक शेवटचा उपाय, ज्याला पैसा लागत नाही. सगळी कामं झाली की किल्ली देण्याआधी एक रात्र त्या घरात राहा. रात्री सगळे दिवे लावा, स्वयंपाक करा, सकाळी आंघोळ करा, दोन बादल्या कपडे धुवा, दाराला आतून कडी घाला. मोरी तुंबते का, पंखा कुरकुरतो का, पाणी वरपर्यंत चढतं का, जिन्यात अंधार आहे का, हे त्या एका रात्रीत कळतं. सकाळी उठल्यावर ज्या घरात तुम्हाला आणखी एक दिवस राहावंसं वाटेल, ते घर खुशाल दुसऱ्याला द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)